विषय क्रमांक सात

सार्वजनिक सुरक्षा समितीची सभा
साडेतीनची, चारला सुरू झाली.
हजर सहापैकी तीन.
चौथा हजर धरला,
त्याची स्कूटर खाली दिसत होती.

इतिवृत्त मी लिहितो. अठ्ठावीस वर्षं.
या गावाचे सगळे धोके
माझ्या अक्षरात आहेत, तारीखवार:
बर्फ कारखान्याचा अमोनिया,
बंधाऱ्याचे सुटलेले दगड,
बाजारपेठेतला वळू
(पकडायची निविदा दोनदा निघाली,
तेवढ्यात तो म्हातारा होऊन मेला),
आणि भोंगा, जो वादळाआधी वाजायचा होता
आणि वादळानंतर तार जोडल्यावर वाजला,
जेवणाच्या वेळी, बराच वेळ.

विषय क्रमांक सात:
मधल्या जेटीवरील अनधिकृत वस्तू हटविणेबाबत.

वस्तू म्हणजे ट्रकच्या टायरची ट्यूब.
काळी, तीन ठिगळांची,
निळ्या नायलॉनच्या दोरानं
दिव्याच्या खांबाला बांधलेली.
दिवा नाही. तो विषय क्रमांक दोन.

अभियंता साहेब घाटावरून बदलून आलेत.
डोळ्यांवर तिरीप येते म्हणून
समुद्राकडे पाठ करून बसतात.
म्हणाले, खांब परिषदेचा आहे.
ट्यूबवर कसलंही मानांकन नाही.
उद्या कुणी हिला धरून बुडालं
तर जबाबदारी कुणाची?

प्रश्न बरोबर होता. सगळ्यांनी चहा घेतला.

प्रभाग चारच्या जैनबी मुकादम यांनी विचारलं,
परिषदेनं घेतलेल्या केशरी कड्या कुठायत?
सहा नग, देयक अदा.
ते वाक्य माझंच.
आहेत, भांडारात आहेत, सुरक्षित आहेत.
जेटीवर टांगल्या तर चोरीला जातील.
किल्ली लाडू परबाकडे
आणि लाडू नातवाच्या बारशाला कणकवलीला.

हिरोजी तारीला बोलावणं होतं.
पायांना वाळू म्हणून तो दारातच थांबला.
ट्यूब कोणाची, साहेबांनी विचारलं.
"जो बुडता, तेची."
मी मालकाच्या रकान्यात पेन टेकवलेलं.
तिथे नुसता ठिपका पडलाय.

तिसरं ठिगळ मला माहीत आहे.
परवाच्या वर्षी, अवसेच्या उधाणात,
ट्यूब कालवांच्या खडकावर घासत आली
तेव्हाचं ते.
आत माझा भाचा होता.
सभेत मी हे बोललो नाही.
लिपिकाला भाचा नसतो.

सभापती केळुसकर घड्याळाकडे बघत म्हणाले,
हटवा, सर्वानुमते.
माझा विरोध नोंदवा, जैनबी म्हणाल्या.
मग सर्वानुमते कसं, यावर दहा मिनिटं गेली
आणि पाचला सभा संपली.

आता रात्री हे लिहायचंय.

या टेबलावर मी एक वाक्य
इतर कुठल्याही वाक्यापेक्षा जास्त वेळा लिहिलंय.
दिवा त्यात गेला, लाल बावटे गेले,
पोहणाऱ्या दोन पोरांचा पगार गेला,
ती पोरं आता गोव्यात खुर्च्या मांडतात.
त्या वाक्याचा तळ मी पाहिलेला नाही.
त्यात गेलेलं काही
वर आलेलंही पाहिलेलं नाही.

आज पहिल्यांदा मुद्दाम, हळू,
एक वस्तू त्यात सोडतोय:

"विषय क्र. ७ वर साधकबाधक चर्चा होऊन
सदर विषय पुढील सभेपुढे ठेवण्यात यावा."

सभापती न वाचता सही करतात.
चष्मा घरी असतो.

सकाळी जेटीवरून गेलो.
हिरोजी सायकलच्या पंपानं ट्यूबेत हवा भरत होता.
एवढ्या ट्यूबेला तो पंप,
म्हणजे तासाभराचं काम.
"काय ठारला?"
पुढच्या सभेत, म्हटलं.
"म्हंजे ऱवली," म्हणाला
आणि दुसऱ्या हातानं पंप मारायला लागला.