देठ

नंदुरबारच्या सरकारी दवाखान्यात
शोशाम्मा सिस्टर रुजू झाली तेव्हा
मराठी तिला ऐकू यायची एका दमात,
पेरंच नसलेला ऊस जणू.

मी औषधं वाटणारा.
जुन्या चिठ्ठीच्या पाठीवर लिहून दिलं:
पोट, पोटात, पोटाला, पोटापासून.
ती म्हणाली, शेपटं होय!
आमच्यातही असतात.
वीडु म्हणजे घर, वीट्टिल म्हणजे घरात.

मग महिनाभर ती
माणसांचं सोडून शेपटांचंच ऐकायची.
कुणी 'बसस्टँडपासून चालत आलो' म्हणालं
की हिचं बोट वर: पासून!
पेशंट बिचारा बावरायचा.

आज मिरचीच्या पथारीवरून सुपडाबाई आल्या,
देठ खुडून खुडून बोटं पेटलेली.
'सिस्टर, मना पोटमा दुखस.'
मी खिडकीतून सांगणार होतो,
अहो, ही अहिराणी, ही वेगळी...

पण तिनं डोळे मिटले होते.
'पोट' ओठांत धरलं,
'मा' हलकेच खुडला,
बाजूला ठेवून पाहिला.

'आत,' ती म्हणाली. 'पोटाच्या आत.
कधीपासून?'

'कालपाईन.'

आणि केसपेपरवर, मला न विचारता,
तिनं कालची तारीख घातली.