सहा मीटर काळं

गिरणीच्या दाराला पाटी लावून आलोय:
दळण उद्या. आज डोंगर.
वाचून कुणी हसलं असेल. हसू दे.

वेल्ह्याच्या अलीकडे, वाडीवरच्या सोंडेला
आम्ही अकरा जण.
पाठीवर भातावर फवारायचे पंप,
आत औषध नाही, नुसतं पाणी,
तरी चढताना मानेशी तोच उग्र वास.
हातात निरगुडीच्या ओल्या फांद्या
आणि अंगात सुती शर्ट, हा नियम.
सुयोग रेणुसे क्रिकेटची जर्सी घालून आला
त्याला भुरुक मॅडमनी अर्ध्या वाटेतून परत धाडलं:
"ही वितळते रे, कातडीला धरते."
परतला तेव्हा बापाच्या शर्टात होता,
बाह्या चार घड्या वर.

मॅडम वनखात्याच्या, पण बोलणं मास्तरणीचं.
चुन्याच्या फक्कीनं दोन रेघा ओढल्या,
मधे सहा मीटर वाळलेलं कुसळी गवत.
"एवढंच जाळायचं.
बाकीचं जाळायची हौस असेल त्यानं आत्ताच सांगावं."
कुणी काही बोललं नाही.
मी बुटाची नाडी बांधली. बांधलेलीच होती.

आग चढाला पोरासारखी धावते,
उताराला म्हाताऱ्यासारखी, गुडघे धरत;
म्हणून तिला वरून खाली आणायची,
वाऱ्याच्या तोंडावर.
फांदी आपटायची नाही, ठिणग्या उडतात.
दाबायची,
तव्यावर फुगली भाकरी दाबतात तशी.
दव उडता उडता सुरू, ऊन तापायच्या आत बंद.

कुणीतरी विचारलं, आणि हाताबाहेर गेलं तर? बंब?
बंब पुण्याहून निघेल,
खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर थांबेल,
नसरापूरला वाट विचारेल.
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी,
आणि सोमेश्वरीहून इकडे रस्ताच नाही.

सगळ्यांत पुढे बाबू ढेबे, सत्तरी उलटलेला.
"जाळल्याबिगर गवात फुटत न्हाय," म्हणत
चाळीस वर्षं ह्यानंच डोंगर पेटवले,
दोनदा दंड भरला, एकदा बकरू विकून.
आता काडीपेटी त्याच्याच हातात.
वारा फिरायच्या आधी त्याचा डावा कान खाजतो
असं तो सांगतो, आणि मॅडम वहीत लिहून घेतात.

पेटलं.
जात्यात ज्वारी पडावी तसा आवाज.
नाकतोडे उसळून पळाले
आणि त्यांच्यावर कोतवाल तुटून पडले,
पोशाखाविना, हुकुमाविना, पोटासाठी.
धूर आधी पांढरा, मग पिवळा, मग डोळ्यांत.

करवंदीच्या जाळीपाशी एकदा रेघ ओलांडली तिनं.
अर्धा मिनिट असेल.
बापाच्या शर्टाची बाही सुटली, लोंबत राहिली
आणि सुयोग दाबत राहिला, दाबत राहिला,
विझल्यावरही.
त्याच्या हातातली फांदी मॅडमनी काढून घेतली.

शेवटचा तुकडा उरला.
बाबूनं काडीपेटी माझ्यापुढे धरली.
"ह्यो तू लाव."

मी तेरा वर्षांचा होतो.
काडी कशी लांब उडते ते बघायचं होतं, एवढंच.
तीन दिवस जळत होता डोंगर,
आणि खालच्या अंगाला ढेब्यांचा गोठा.
एकतीस वर्षं गिरणीच्या घरघरीत
मी कुणाला काही ऐकू येऊ दिलं नाही.

बाबू माझ्याकडे बघत नव्हता, दरीकडे बघत होता.
हळूच म्हणाला,
"त्या साली वारा बघितला न्हवतास."

पट्टा उकलला, खांद्यावरून पंप उतरला,
पुन्हा चढवला.
चिमूटभर माती घेऊन सोडली.
पिठासारखी उडाली, वरच्या अंगाला.

"बघितला?"
"बघितला."
"मग लाव."

अकराला टेप धरून मोजलं.
सहा मीटर काळं, खिंडीपर्यंत,
एका जागी साडेसात.
मॅडमनी वहीत साडेसातच लिहिलं.