चौदा नंबरचा खांब

तीन महिने माझ्या फोर्कलिफ्टवर
त्यांनी एक डबी बसवली होती.
मी चालवायचो, डबी बघायची.
कृतिका म्हणाली, काका, वेगळं काही करू नका,
रोजच्यासारखं चालवा.
आता रोजच्यासारखं कसं चालवतो
हे कुणी विचारलं
की दोन दिवस माणसाला धड चालवता येत नाही.

कॉटन ग्रीनच्या या गोदामात पूर्वी
कापसाच्या गाठी असायच्या म्हणे.
मी आलो तेव्हा साबण होता. मग फरश्या. मग टीव्ही.
आता खोक्यात काय आहे ते खोक्यावर लिहीत नाहीत,
नुसत्या काळ्या रेघा असतात.
यंत्राला त्या वाचता येतात.

पहिलं यंत्र ट्रकमधून उतरलं
तेव्हा मी आधी सीट शोधली.
सीट नाही. आरसा नाही.
पुडी खोचायला कोपरा नाही.
काटे मात्र आपल्यासारखेच,
पॅलेटखाली जाताना जरा खाली वाकणारे,
देवळाच्या ठेंगण्या दारातून आत शिरावं तसे.

खंडेनवमीला इंदुलकर मुकादमानं
आकडे, हातगाड्या, वजनकाटा ओळीनं मांडले,
शेवटी तीही पाच उभी केली.
मी एकीला झेंडूचा हार घातला.
ती जागची हलेना.
पडद्यावर अक्षरं आली : पुढे अडथळा.
काका, तुम्ही तिच्या डोळ्यावर हार घातलात!
कृतिका हसत सुटली, मग मुकादम, मग मीही.
हार खाली सरकवला,
कुंकू बॅटरीच्या झाकणाला लावलं.

दिवाळीनंतर एकदा तिनं लॅपटॉपवर
गोदामाचा नकाशा दाखवला.
माझे तीन महिने त्यात निळ्या दोऱ्यासारखे पसरलेले.
जिथे मी वेग कमी केला तिथे दोरा लाल.
वळणं लाल, दार लाल, उताराची फळी लाल,
आणि सातव्या गल्लीत, सरळ रस्त्यात,
चौदा नंबरच्या खांबापाशी
एक लाल ठिपका.

इथे काय आहे, काका?
काही नाही.
मग दर वेळी थांबता का?
थांबतो?

दुपारी दोनला तिथे बबन ढेबे झोपायचा,
मेढ्याकडचा, माथाडी, ताडमाड.
पुठ्ठा अंगापेक्षा आखूड, त्यामुळे पाय गल्लीत.
बबन, पाय आत घे, म्हटलं की घ्यायचा,
झोपेतच पुन्हा बाहेर काढायचा.
टोळी मोडली त्याला आठ वर्षं झाली.
बबन गावी आहे, बरा आहे,
स्ट्रॉबेरीच्या पेट्या भरतो.
मी विसरलो होतो. माझा पाय विसरला नव्हता.

आणि आता हीही थांबतात.
रात्रपाळीला दिवे मालवलेले असतात,
त्यांना उजेड लागत नाही,
एकेक येते, खांबापाशी हळू होते,
कुणीतरी पाय आत घेईपर्यंत वाट बघते
आणि पुढे जाते.

फेरीमागे चार सेकंद, कृतिका म्हणाली.
सोमवारी पैसे लावणारी माणसं बघायला येतायत.
काढून टाकू का हे?
मी म्हटलं, यंत्र तुमचं आहे.
ती बराच वेळ त्या ठिपक्याकडे बघत राहिली,
माझ्याकडे नाही.

सोमवारी नवी कोरी हेल्मेटं घालून पाहुणे
पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे उभे राहिले.
यंत्रानं पॅलेट उचललं,
सातव्या गल्लीत शिरलं
आणि सरळ गेलं.
पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी बाहेर आलो, रस्त्यापलीकडे
टपरीच्या आडोशाला उभं राहून
बबनला फोन लावला.
म्हटलं, पाय आत घे रे.
तिकडे रानात वारा होता.
तो म्हणाला, काय? ऐकू येत नाही,
जरा मोठ्यानं बोल.