नऊ मात्रा

दिवाळीच्या सुट्टीत टाकीतला नायट्रोजन उतरला.
किती, ते कुणी लिहून ठेवलं नाही.
मोजपट्टी बुडवली, तर पांढरं बोटभरच उमटलं.
आत नऊ रेतमात्रा, कोसा खिलार,
जो दोन वर्षांपूर्वी पोट फुगून गेला.

जिवंत आहेत का ते कळायला
एक खर्चावी लागते.

सदतीस अंशाचं पाणी. तीस सेकंद.
कांडी पुसली, टोक कापलं,
चार वर्षांपूर्वीची एक सकाळ
थेंबभर बाहेर आली.

मग रंग, आणि अंधारात वीस मिनिटं.
हडपसर सोडल्यावर रस्ता जो आवाज करतो तो,
उसाच्या ट्रॉल्या, एक रिकामी पीएमटी.
मल्हारी टिळेकर दारात, चपला बाहेर काढून.
इथे कुणी काढत नाही.

मानेखाली, जिथून शेपूट सुटतं,
तिथे एवढीशी भट्टी गुंडाळलेली असते.
पेटती असली की नारिंगी दिसते,
विझत आली की हिरवी.
माझ्या माहेरी हिरवं म्हणजे उलट,
अजून जीभ अडखळते.

मल्हारी डोळा लावतो.
"पळत्यात की!
जिता व्हता तवा गुळाच्या खड्याबिगर
उठायचा न्हाई. आन् आता बघा."

मी त्याला सांगत नाही
की ही भट्टी वासराला मिळत नाही.
बापाची ती वाटेपुरती,
आत शिरली की मोडून टाकतात.
वासरू जन्मभर आईच्या उबेवर चालतं.
सांगितलं असतं, तर म्हणाला असता,
मंग बराबर हाय.

दोनशे मोजायचे असतात.
त्र्याण्णव नारिंगी.
शंभर लागतात.
तीन-चार असे होते,
हिरवे म्हणावेत तर कडेला उजेड.
ते मी कुठे धरले, मला माहीत आहे.

पुन्हा मोजायचं तर दुसरी कांडी.
मग उरतील सात.

"हाय का अजून?"
"आहे," मी म्हणते. "पुरेसा नाही."
पण तो पहिल्या शब्दालाच वळलेला,
चपला घालून गोठ्याकडे, कुणाला तरी हाका मारत.

फॉर्म उद्या भरेन.
ड्रम तिरका करून टाकी भरते,
धूर पायांवरून फरशीवर पसरतो.
मोजपट्टी बुडवते, वर काढते:
पांढरं, थेट मुठीपर्यंत.