तीन मिनिटं

विदिन स्टेशनसमोर आम्ही सहा टॅक्सीवाले.
सकाळच्या गाडीतून उतरतात चार माणसं.
दोघांना न्यायला जावई येतो,
एकाची सायकल खांबाला बांधलेली असते,
चौथा आमच्याकडे बघतो, खिसा चाचपतो
आणि चालू लागतो.

मग आम्ही सूर्यफुलाच्या बिया फोडत
टायरांवर बोलतो.

तो हक्क आहे आमचा. सहातले चौघं एकाच कारखान्यातले.
मी त्सोलो, तिसरी पाळी, भट्टी विभाग.
माझ्या हातचं रबर क्युबात धावायचं म्हणे.
आता माझ्या ओपेलला
जर्मनीनं टाकलेली चार चाकं,
चारी चार घराण्यांची.
सोयरीक कशीबशी टिकवून आहे.

कारखान्याचं पत्र्यासकट सगळं गेलं.
चिमणी तेवढी राहिली,
तिच्यावर करकोच्याचा संसार.

रात्री अकराला इटलीची बस.
बायका जातात, परक्यांच्या आया सांभाळायला.
डिकीत भाजक्या मिरच्यांच्या बरण्या,
मांडीवर पर्स, दोन्ही हातांनी धरलेली.
रालित्सा उतरताना म्हणाली,
"माझ्या आईला तेवढं दवाखान्यात नेत जा."
मी मान आडवी हलवली.
आमच्याकडे आडवी म्हणजे हो.
उभी हलवता आली असती. सुचलं नाही.

कारण तिची आई म्हणजे व्हेनेता बाई.
फाटकावरची व्हेनेता! हजेरीचं पुस्तक,
कानामागे जांभळी पेन्सिल.
एकोणनव्वदच्या जानेवारीत, गुडघाभर बर्फात
मी तीन मिनिटं उशिरा पोचलो
तर अर्ध्या दिवसाचा पगार कापला होता हिनं.
त्या नोव्हेंबरात सरकार पडलं.
माझा अर्धा दिवस कुणी परत केला नाही.

आता मंगळवार, गुरुवार, शनिवार, पहाटे सहा.
दारावर नवऱ्याच्या मरणाचं पत्रक,
फोटो उन्हानं पांढरा पडलेला.
ती खाली उभी असते आधीच,
सुईचा हात कोटाच्या आत जपून.
वाटेत बोलत नाही. खड्डा आला की
माझ्याकडे असं बघते
जणू तो मीच रात्री खणलाय.
मी मीटर टाकत नाही.
ती हात लांब करून टाकते.

काल रेल्वे फाटक बंद होतं.
मालगाडी, रिकामे डबे,
मी एकोणचाळीस मोजले.
पोचलो तर ती घड्याळाकडे बघत होती,
नवऱ्याचं घड्याळ, मनगटाला सैल.

दवाखान्यापाशी तिनं पाकीट उघडलं,
नाणी तळहातावर मांडली,
ओठ हलवत हिशेब केला,
आणि तीस स्टोटिंकी उचलून परत ठेवल्या.
"तीन मिनिटं, त्सोलो."

नाव लक्षात होतं तर!
मी हसलो असेन, कारण ती रागावली.
पायरीवर वळून म्हणाली,
"शनिवारी येणार आहेस की नाही?"

मी मान आडवी हलवली.