खापरावरची भाकर

धान्यकोठाराच्या कारकुनासाठी
थडग्यात मी एकशेचार भाकरी रंगवल्या,
बदकं, कांद्याच्या जुड्या, बिअरचे रांजण.
मजुरी अर्धं पोतं जव,
तेही ओलं.

तू ते पाट्यावर रगडलंस, हेनूत.
दगडाची कच पिठात, वाऱ्याची वाळू पिठात,
दाढा झिजल्या आपल्या.
"वाळवंटच गिळतोय की," म्हणायचीस
आणि खडा थुंकायचीस.

तुझ्यासाठी भिंत नाही.
एक फुटकं खापर आहे, उरलेला गेरू.
भाकर काढलीय. एकच.
ओसिरिसच्या दारी ढीग असेल परक्या भाकऱ्यांचा,
गोंधळशील.

म्हणून बोरूच्या टोकानं
तिच्यावर ठिपके दिलेत, बारीक.
दाताखाली कचकन आलं
की समज,
घरची.