अकरावा आवाज

हतनूरच्या धरणावर जानेवारीत परीक्षा घेतली.
गाइड व्हायला सात जण आले होते.
रेस्ट हाऊसचा व्हरांडा, एक सतरंजी,
सात पॅड, सात पेनं,
त्यातलं चुडामणचं माझंच; त्याचं थंडीनं उमटेना.

आधी डोळ्यांची.
मी म्हणायचो, तो बघा, डावीकडून तिसरा,
आणि तिसरा नेमका बुडी मारायचा.
तलवार बदक सगळ्यांना आलं.
हेमांगी नेहेतेनं लिहिलं, ‘थापट्या, मादी, दमलेली.’
दमलेलीला मार्क नव्हते. मी दिले नाहीत.
चुडामण कोळी बापाच्या डोंगीत वाढलेला,
त्यानं नावाच्या रकान्यात लिहिलं:
हे होळीला जातात.
हे आले की मासळी खाली बसते.
हे जाळ्यात अडकतात, सोडवताना चावतात.
भो, नाव लिही, मी म्हणालो.
नाव तर तुमच्या पुस्तकात आहेच की, तो म्हणाला.
अर्धा मार्क.

मग कानांची.
पंधरा आवाज, प्रत्येक दोनदा, मध्ये दहा सेकंद.
सगळे मीच टिपलेले, भुसावळच्या लोको शेडात होतो तेव्हा,
सुट्टीच्या दिवशी, कॅसेटवर;
पोरानं नंतर पेनड्राइव्हमध्ये भरून दिले.
टिटवीला सगळे हसले, एवढी सोपी.
तांबट. भारद्वाज.
सहाव्याला सहा जणांनी शिक्रा लिहिलं
आणि सलदार तडवीनं कोतवाल.
बरोबर सलदारचंच. कोतवाल शिक्र्याची नक्कल करतो.
कसं ओळखलंस?
खरा शिक्रा एवढा वेळ सांगत बसत नाही, सर.

अकरावा लावला.
रहाट करकरला.
लांब कुठंतरी एसटीनं हॉर्न दिला.
कोणीतरी खाकरलं: तो मी,
वीस वर्षांपूर्वीचा, पालला, आंब्याखाली उभा.
आणि सात पेनं चालू लागली.

मी आवाज वाढवला.
रहाट वाढला. खाकरणं वाढलं.
हेमांगीनं कानावर हात नेला.

यादी माझ्या मांडीवर होती. अकरा: फुलटोच्या.
अंगठ्याएवढा जीव, बांडगुळाच्या फळांवर जगतो,
टाचणी टोचावी तसा बोलतो.
हे मी शंभरदा शिकवलंय.
एकतीस वर्षं शेडात, कानात कापूस घातला नाही;
घातला तर साहेबाची हाक ऐकू येत नसे.
बारीक आवाज आधी जातात, डॉक्टर म्हणाले होते.
म्हातारं झाड शेंड्याकडून वाळतं, तसं.
मी मान डोलावली होती.
गेलेल्याचा आवाज होत नाही, त्यामुळे
कधी गेलं ते कळलं नव्हतं.

दुसऱ्यांदा वाजवला.
दहा सेकंद मोजले.
बारावा.

अकराव्याला सातही जण पास.
माझ्यापुढे पेपर नव्हता, म्हणून निभावलं.

गेमा बारेला पालकडचाच.
पेपर देताना म्हणाला, सर,
तो रहाट आमच्या पाड्यावरचा.
आता तिथं हापसा आहे.
पुढं काही बोलला नाही, पण बघत राहिला,
झाडीत काही हललं की बघतात तसं.

दुपारी बांधावरून परतताना
तो एका आंब्याखाली थांबला.
वर बांडगूळ, दाट, फळांनी लगडलेलं.
मला पानं दिसत होती, ऊन दिसत होतं.
गेमानं माझं मनगट धरलं
आणि बोटानं हलकेच टोकलं.
थांबला.
पुन्हा टोकलं.
मग दोनदा, लागोपाठ.

मी नऊ मोजले.
दहाव्याला बोट वर राहिलं,
आणि फांदीतून एक भुरका ठिपका सुटला,
तापीच्या दिशेनं गेला.

हा, मी म्हणालो, फुलटोच्या.
हो सर, गेमा म्हणाला,
आणि मनगट सोडलं.